अंगणातली जुनी गाडी

मैत्रिणींनो, गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं एकाच गाऱ्हाण्याची आहेत. कुणाच्या पोर्चमध्ये, कुणाच्या परसात, एकीच्या तर चक्क तुळशीवृंदावनाला खेटून, एक जुनी गाडी विटांवर उभी आहे. ती आपल्या हातांनी दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणायची अशी घरधन्याची हौस. हौस दांडगी, पण गाडी काही जागची हलत नाही. एक मैत्रीण लिहिते, "सहा वर्षं झाली. इंजिन एका कोपऱ्यात, दारं माळ्यावर, सीटा पाहुण्यांच्या खोलीत. आता हे म्हणतात, मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या मुदत ठेवीतून थोडे काढू. भंगारवाल्याला बोलावू का?"

भंगारवाल्याला एवढ्यात बोलावू नका. पण मुदत ठेवीलाही हात लावू देऊ नका. या दोन टोकांच्या मधली एक वाट आहे, ती आज सांगते. आमच्याकडे १९६६ सालची एक स्टँडर्ड हेराल्ड आहे. चार वर्षं तिचं काम चाललं होतं आणि आता ती रविवारी आम्हां चौघांना घेऊन फिरते. सकाळची शाळा, दुपारचा स्वयंपाक आणि संध्याकाळी गाडीशेजारी वही घेऊन बसणं, असे माझे ते दिवस गेले. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली. जुनी गाडी अर्धवट राहते ती पैसा कमी पडला म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा कामाचा क्रम चुकला म्हणून राहते. आणि क्रम लावणं, मोजून खर्च करणं, हाती घेतलेलं एक काम संपल्याशिवाय दुसरं न काढणं, हे आपल्याइतकं कुणाला जमतं सांगा?

आधी ओळख करून घ्या

जी आपल्या दारात वर्षानुवर्षं राहणार, तिची ओळख नको का? स्पोर्ट्स कार म्हटलं की आपल्याला सिनेमातली आठवते, टप उघडा, दोघांपुरती जागा. इंग्लंडमध्ये १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर नावाची अशीच एक गाडी निघाली आणि १९८० पर्यंत निघत राहिली. फार महाग नव्हती, त्यामुळे साध्या नोकरदारांनीही घेतली. आजही तिकडे सुटीच्या दिवशी घरच्या गॅरेजमध्ये तिच्याखाली आडवे झालेले पुष्कळ जण आहेत. तिचे आणि तिच्या बहिणींचे सुटे भाग तिकडे अजून नवे मिळतात, आणि या गाड्या बाळगणाऱ्यांचा क्लब १९७७ पासून चालू आहे.

आता गंमत पाहा. ही स्पिटफायर ज्या सांगाड्यावर, म्हणजे चासीवर, उभी राहिली ती चासी ट्रायम्फ हेराल्डचीच, फक्त आखूड केलेली. हेराल्ड १९५९ सालची. दोघींचा आकार काढला तो इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी. आणि ही हेराल्ड म्हणजेच आपल्या काका-आजोबांच्या वेळची स्टँडर्ड! ॲम्बॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड अशा तीनच गाड्या रस्त्यावर दिसत त्या काळात, १९६१ पासून सुमारे दहा वर्षं, ती मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीत तयार होत होती. तेव्हा तुमच्या अंगणातली हेराल्ड दिसायला साधी असली तरी एका स्पोर्ट्स कारची ती थोरली बहीण आहे. पुरुषमाणसं उगीच नाही तिच्यावर भाळत.

घरी दुरुस्त करायला ही गाडी खरोखरच सोयीची. आजच्या गाड्यांची बॉडी आणि सांगाडा मिळून एकच असतं. हिची चासी वेगळी, आणि बॉडीचे तुकडे तिच्यावर नटबोल्टनं बसवलेले. पुढचं बॉनेट तर दोन्ही मडगार्डांसकट पेटीच्या झाकणासारखं उघडतं. इंजिन, पुढची चाकं, स्टिअरिंग, सगळं समोर मोकळं. इंजिनही लहानसं, ९४८ सीसीचं.

पण बायांनो, घात होतो तो इथंच. गाडी सोडवायला सोपी, म्हणून पहिल्याच रविवारी उत्साहाच्या भरात ती सगळीच्या सगळी सोडवली जाते. संध्याकाळपर्यंत अंगणभर लोखंड पसरतं, रात्री सगळे दमून झोपतात, आणि सोमवारी नोकरी असते!

एका वेळी एकच खण

दिवाळीच्या आवराआवरीत आपण घरातली सगळी कपाटं एकदम उपसतो का? एक खण काढायचा, पुसायचा, नवा कागद घालायचा, भरायचा, मगच दुसरा. मध्येच पाहुणे आले तरी घर घरासारखंच दिसतं. गाडीचा नियम अगदी हाच आहे. एका वेळी एकच भाग काढायचा, तो पुरा करून जागेवर बसवायचा, मग पुढचा. या रीतीत गाडी बहुतेक वेळ आपल्या चाकांवर उभी असते. ढकलून बाजूला करता येते, पावसात आडोशाला नेता येते, आणि वेळ आलीच तर चार पैसे घेऊन विकताही येते. सुट्या भागांच्या ढिगाला मात्र भंगाराच्या वजनापेक्षा जास्त मोल येत नाही.

आता क्रम सांगते. वहीत उतरवून घ्या.

पहिलं, सांगाडा. चासीला आडव्या पट्ट्या असतात, त्यांच्या टोकांना पाणी साचून गंज धरतो. बॉडी त्याच टोकांवर टेकलेली असते. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून पाहायला सांगा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर पत्रा गेलेला. चासी सगळीकडून खाल्ली गेली असेल तर तिथंच थांबायचं. कारण इंजिन कुशल मिस्त्रीकडून होऊन मिळतं, पण गंजलेला पत्रा पैसे खातो आणि वर्षंही खातो.

दुसरं, इंजिन फिरतं का ते. वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनाला एकदम बॅटरी लावून चावी मारायची नाही. स्पार्क प्लग काढून प्रत्येक भोकातून थोडंसं तेल आत सोडायचं, दोन दिवस मुरू द्यायचं, आणि मग हातानं हळूहळू फिरवून पाहायचं. मोकळं फिरलं की निम्मी काळजी मिटली. उघडण्याआधी मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन मोजून घ्या. चारही सिलिंडर बरोबरीचे निघाले तर इंजिन उघडायची घाई कशाला?

तिसरं, ब्रेक, स्टिअरिंग आणि पुढची चाकं. गाडी चालू होण्याआधी ती थांबली पाहिजे, हे लक्षात ठेवा. या गाडीची एक खोड सांगून ठेवते. पुढच्या प्रत्येक चाकाच्या खालच्या अंगाला पितळी रंगाचा एक सांधा असतो, त्याला ट्रनियन म्हणतात. स्पिटफायरलाही हाच आहे. त्याला ग्रीस चालत नाही, घट्ट गिअर ऑइलच लागतं. ग्रीस भरलं, की ते सगळीकडे पोचत नाही, आतल्या पोलादाला पाणी लागून गंज चढतो, आणि एके दिवशी सांधा तुटून चाक आडवं होतं. मिस्त्री कितीही जुना-जाणता असला तरी शेजारी उभं राहून विचारा, "तेल घातलंत ना?"

चौथं, पेट्रोलच्या नळ्या आणि वायरिंग. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. साठ सालच्या रबराला ते सोसत नाही. नळ्या मऊ पडतात, चिरतात, पंपाचा पडदाही जातो. तेव्हा इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवून घ्याच. टाकीही फार दिवस अर्धी रिकामी ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, मग आतून गंज सुरू. वायरींचं कापडी वेष्टण उंदरांनी खाल्लेलं असतंच. त्या जुन्या वायरिंगवर भरवसा ठेवण्यापेक्षा नवीन ओढून घेतलेलं बरं. आणखी एक. कित्येक जुन्या इंग्लिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे, आजच्या उलट. जोडण्याआधी खात्री करून घ्या.

पाचवं पत्रा आणि रंग. सहावं सीटा आणि आतली सजावट. रंग पाचव्या नंबरावर, हे ठसवून घ्या. आमच्या हेराल्डलाही पहिला हात रंगाचाच मारायचा असं आमच्या ह्यांच्या मनात होतं. मी म्हटलं, "अहो, भिंतीला पोपडे असताना कुणी डिस्टेंपर लावतं का?" सासूबाई हसल्या, आणि रंगाचे पैसे ब्रेककडे वळले.

वही आणि बरण्या

काढलेला प्रत्येक नट, प्रत्येक वॉशर जपून ठेवणं हे खरं तर सगळ्यात मोठं काम. त्याला लागते शिस्त, ताकद नव्हे. रिकाम्या बरण्या, लोणच्याच्या प्लॅस्टिकच्या डब्या, औषधाच्या दुकानातल्या छोट्या पिशव्या, काही टाकू नका. एका जागचे नटबोल्ट एका पिशवीत, आत कागदाची चिठ्ठी: कुठून काढले, किती होते, तारीख काय. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, तेल लागलं की शाई पसरते. सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढायचा, सोडवल्यावर दुसरा. फोटोत पट्टी किंवा रुपयाचं नाणं ठेवलं तर मापाचाही अंदाज येतो.

वहीत तीन रकाने पाडा. काय काढलं, त्याचं काय करायचं, कुणाकडे दिलं. तिसरा रकाना फार महत्त्वाचा. प्लेटिंगला दिलेला बंपर, लेथवर दिलेला ब्रेकचा ड्रम, शिवायला दिलेली ताडपत्री, सहा महिन्यांनी कुणाकडे काय आहे हे कुणालाच आठवत नाही. आमच्याकडे कोल्हापूर जवळ, त्यामुळे उद्यमनगरातले लेथवाले हाताशी. नमुना दाखवला की तसाच भाग कातून देतात. तुमच्या गावात असा कारागीर असेल तर त्याला धरून ठेवा. मिळणारा प्रत्येक भाग परदेशातून मागवायची गरज नसते. पण नमुना मात्र हवा. म्हणून जुना भाग कितीही झिजलेला असो, नवा बसेपर्यंत फेकायचा नाही.

पैशांचं काय

आता त्या मुदत ठेवीकडे येते. छंदाचा पैसा हा छंदापुरताच असावा. मुलीचं शिक्षण, घराचा हप्ता, दवाखान्यासाठी ठेवलेली रक्कम, तुमच्या अंगावरचं सोनं, यांना गाडीचं वारंही लागता कामा नये. "थोडेच काढू" असं म्हणून काढलेले पैसे परत कधी भरले जातात का? म्हणून आधीच ठरवा, दर महिन्याला इतके. आम्ही तीन हजार ठरवले होते. खर्च नाही झाले तर पुढच्या महिन्यासाठी पाकिटात राहतील, संपले तर पुढच्या महिन्याची वाट पाहायची. ह्यांना पहिले तीन महिने जड गेलं. मग त्यांनाच त्यात गोडी वाटायला लागली, कारण पैसे नसलेल्या आठवड्यात हातानं करायची कामं होतात: घासणं, खरवडणं, साफ करणं.

आणि हे भांडणाच्या सुरात बोलू नका, बरं का. रविवारी चहा घेताना वही समोर ठेवून विचारा, "पुढचं कोणतं काम? किती लागतील? किती दिवसांत?" या तीन प्रश्नांना उत्तर मिळत नसेल तर नवीन वस्तू आणायची नाही. मिळत असेल तर अडवायचं नाही. माणसाला नोकरीत दिवसभर दुसऱ्याच्या मनासारखं वागावं लागतं. स्वतःच्या हातानं एक गोष्ट नीट झाली याचं समाधान त्याला लागतंच, आपल्याला नाही का लागत? ते समाधान घराच्या मुळावर येऊ नये, एवढंच आपण पाहायचं.

सहा वर्षं लोटली, कागदपत्रं सापडत नाहीत, चासीला भगदाडं आहेत, आणि वरच्या तीन प्रश्नांना नुसते सुस्कारे मिळत आहेत, असं असेल तर मात्र गाडी देऊन टाका. पण भंगारात नको. जुन्या गाड्यांची हौस असणाऱ्याला द्या. त्याला तिचे काच, दारं, गिअरबॉक्स लागतात, किंमतही बरी येते. देऊन टाकणं हाही निर्णयच असतो, त्यात कुणाची हार नाही.

इथं तडजोड नाही

पैशांत, वेळात, जागेत तडजोड चालेल. पुढच्या गोष्टींत मात्र मी कुणाचं ऐकून घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.

गाडी विटांवर उभी करायची नाही. वीट वजनाखाली अचानक फुटते, सूचना देत नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीही जायचं नाही. लोखंडी स्टँड मिळतात, ते सपाट, पक्क्या जमिनीवर लावायचे, टेकलेल्या चाकांना ठोकळे द्यायचे, गाडी हलवून पाहायची आणि मगच खाली जायचं. घरात दुसरं मोठं माणूस असल्याशिवाय हे काम करायचंच नाही. आणि ते असताना मुलांनी तिकडे फिरकायचं नाही.

पेट्रोलनं भाग धुवायचे नाहीत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत पसरत जाते आणि दूरच्या शेगडीपर्यंत, देवघरातल्या निरांजनापर्यंत पोचते. गरम पाणी आणि साबण, फारच चिकट असेल तर थोडं डिझेल, तेही मोकळ्या हवेत. टाकीजवळ वेल्डिंग नाही. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोक्याची, आत वाफ असते. बॅटरी घरात चार्ज करायची नाही, तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो.

रेडिएटरमध्ये घालायचं कूलंट चवीला गोड असतं आणि जहर असतं. लहान मूल, मांजर, कुत्रं यांना त्याचा मोह होतो. ब्रेकचं तेलही विषारी, शिवाय रंगावर पडलं तर रंग उकलून काढतं. यातलं काहीही सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवायचं नाही. मूळ डब्यात, झाकण घट्ट, उंच फळीवर.

जुन्या ब्रेकच्या आणि क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. ती धूळ फुंकायची नाही, ब्रशनं झाडायची नाही. ओल्या फडक्यानं टिपायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासणं नाही. वॉटर पेपर घ्यायचा आणि पाणी लावून घासायचं. शेवटचा चकचकीत रंग घरी मारायचा हट्ट नको. हार्डनर घालून जो मारतात त्याचा फवारा छातीला फार वाईट, साध्या रुमालानं तो अडत नाही. ते काम रंगाच्या कारखान्यात द्यावं.

काढलेलं काळं तेल गटारात नाही, झाडाच्या मुळाशी नाही, आणि वाळवीसाठी घराच्या कडेनंही नाही. डब्यात साठवून वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. एवढ्याशा तेलानं विहिरीचं पाणी बिघडतं.

कपडे, हात आणि फरशी

छंदाचे कपडे वेगळेच ठेवा. एक जुनी विजार आणि सदरा बाहेरच्या खुंटीवर, घरात आणायचे नाहीत. ते वेगळ्या बादलीत भिजवा, मुलांच्या कपड्यांबरोबर कधीच नाही. पेट्रोलचा वास येणारा कपडा वॉशिंग मशिनमध्ये घालू नका, आग लागू शकते. तो बाहेर वाऱ्यावर वास जाईपर्यंत टांगा आणि मग हातानं धुवा.

ग्रीसचा ताजा डाग पाण्यानं चोळू नका, पसरतो. त्यावर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर भुरभुरा, अर्धा तास राहू द्या, झटका. मग भांडी घासायचं पातळ साबण लावून बोटांनी जिरवा आणि कपड्याला सोसेल तितक्या गरम पाण्यात धुवा. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री लावायची नाही, उष्णतेनं तो कायमचा बसतो. फरशीवर तेल सांडलं तर आधी लाकडाचा भुसा किंवा बारीक माती टाका, तेल शोषलं की झाडून घ्या.

हातांसाठी चमचाभर साखर, त्यावर थोडं गोडं तेल. चांगलं चोळून मग साबण. नखांत आधीच ओला साबण भरून ठेवला तर काळं आत जातच नाही. ही युक्ती बागकाम करणाऱ्यांनाही सांगा.

शिवण आपलं

सीटांचं काम बाहेर द्यायचं तर बरेच पैसे मागतात. घरात शिलाई मशिन आहे ना? मग हे काम तुमचं. जुनं कव्हर फाडून काढू नका, शिवण उसवून काढा. तुकड्यांवर खडूनं नंबर घाला, पुढची-मागची बाजू लिहा, आणि तेच तुकडे नवीन रेक्झिनवर ठेवून आखा. ब्लाउजचं माप जुन्या ब्लाउजवरून घेतो तसंच. रेक्झिनला सोळा किंवा अठरा नंबरची सुई लागते. टाका लांब ठेवा. बारीक टाक्यांनी भोकांची रांग तयार होते आणि तिकिटासारखं रेक्झिन तिथंच फाटतं. टाचण्या लावू नका, भोकं बुजत नाहीत. कागदाच्या क्लिपा लावा. रेक्झिन पायाखाली चिकटून अडलं तर वरून थोडी टाल्कम पावडर चोळा. ओढून बसवण्याआधी कव्हर तासभर उन्हात ठेवा, मऊ पडतं.

दारांच्या आतल्या पुठ्ठ्यांमागं जाड प्लॅस्टिकचा कागद चिकटवायला विसरू नका. दारातून पावसाचं पाणी आत उतरतंच. तो कागद नसला तर पुठ्ठा एका पावसाळ्यात फुगतो आणि तुमची मेहनत वाया जाते.

कागदपत्रं

गाडी अजून घेतली नसेल तर हे आधी वाचा. आरसी बुक कुणाच्या नावावर आहे? चासीवरचा आणि इंजिनावरचा नंबर त्यात लिहिलेल्याशी जुळतो का? मूळ मालक वारले असतील तर वारसांच्या सह्या मिळतील का? हे जुळल्याशिवाय विसार देऊ नका. गाडी घरचीच, आजोबांची असली तरी नाव बदलून घ्यायला हवंच.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. जुन्या गाडीसाठी ही फी २०२२ मध्ये वाढली, आणि वीस वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये आणखी वाढली. शिवाय आपल्याकडे हरित कर असतो. हे सगळं आरटीओत विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा, खर्चात धरा. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूप राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आले. नवीन नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षांची. नंबरात "व्हीए" ही अक्षरं येतात, पण आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोज भाजी आणायला वापरता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरतीच ती बाहेर काढायची. कुठला मार्ग धरायचा ते दोघांनी मिळून ठरवा. आणि विमा उतरवल्याशिवाय गल्लीच्या तोंडापर्यंतही नाही.

किल्ली तुमच्याही हातात

शेवटचं, पण मला सगळ्यात जवळचं. ही कामं "पुरुषांची" असं म्हणून आपण उंबऱ्यावर उभ्या राहतो, आणि मग तक्रारीखेरीज आपल्या हातात काही उरत नाही. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ नावाची एक गृहिणी नवऱ्यानं तयार केलेली मोटार त्याला न सांगता घेऊन निघाली, दोन मुलगे बरोबर, मानहाइमहून फॉर्ट्सहाइमला माहेरी. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. एवढा लांबचा मोटारप्रवास त्याआधी कुणीच केला नव्हता. इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिनं टोपीच्या पिनेनं ती साफ केली, वायर उघडी पडली तिथं मोज्याचा बंद गुंडाळला, इंधन संपलं ते औषधाच्या दुकानातून घेतलं, आणि ब्रेक झिजले तेव्हा वाटेतल्या चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. म्हणजे मोटारीची पहिली रस्त्यावरची दुरुस्ती एका आईच्या हातची आहे, हे मुलींना जरूर सांगा.

तुम्हीही एक काम आपलं म्हणून घ्या. वायरिंगला रंगीत चिठ्ठ्या लावा, ब्रेक दाबायला आत बसा, कार्ब्युरेटर साफ करायला शिका. त्यात पूजेच्या पितळी उपकरण्यांपेक्षा अवघड काही नाही, बारीक भोकं तेवढी जपायची. आणि गाडी तयार झाली की ती चालवायलाही शिका. हेराल्ड त्याला फार गुणी, पंचवीस फुटांत वळते, आपल्या पेठांतल्या बोळांसाठीच केल्यासारखी. मागची चाकं मात्र वळणावर वेग आवडून घेत नाहीत, तेव्हा वळणाआधी वेग कमी करायचा, वळताना नाही.

या आठवड्यात एवढंच करा. एक शंभर पानी वही आणा, रविवारी दोघं गाडीपाशी जा, आणि पहिल्या पानावर लिहा, आत्ता समोर काय काय आहे. दुसऱ्या पानावर फक्त एकच काम लिहा, जे महिन्याभरात पुरं होईल. ते झालं की मला कळवा, आणि नाही झालं तर कुठं अडलं तेही कळवा. पत्राबरोबर गाडीचं साल आणि नाव मात्र लिहायला विसरू नका हं!